‘हे ऐका, भारी आहे’च्या पुढे: जॅझच्या नव्या-जुन्या अल्बमची शिफारस कशी करावी

गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सात-आठ जण जॅझ ऐकायला जमतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दातांच्या डॉक्टर असलेल्या एक ताई, नाशिकरोडहून स्कूटरवर येणारा एक तबलजी, इंजिनिअरिंगची दोन पोरं आणि उरलेले आम्ही नोकरदार. नाशकात गाणं ऐकणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. पंचवटीत पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम होता, त्या काळापासून हे गाव कानसेनांचं आहे. जॅझ ऐकणारे मात्र एकमेकांना शोधावे लागतात, आणि सापडले की जो तो दुसऱ्याला अल्बम सुचवत सुटतो.

आमचं पहिलं वर्ष असंच गेलं. ‘हे ऐका, भारी आहे.’ ‘हे ऐकलं नाही म्हणजे काहीच ऐकलं नाही.’ वर्ष संपताना काकांनी बँकेतल्या सवयीने वही उघडली. सुचवलेली नावं शंभराच्या वर गेली होती. दुसऱ्याने सांगितलं म्हणून कुणी शेवटपर्यंत ऐकलेले अल्बम बोटांवर मोजण्याइतके. अल्बम चांगलेच होते, सुचवणाऱ्यांना सुचवता येत नव्हतं. मग आम्ही हळूहळू एक पद्धत बसवली. तीच इथे पायरीपायरीने सांगतो. तुमचं मंडळ दोघांचं असलं तरी चालेल.

पहिली पायरी: संख्या आवरा

एका बैठकीत तीनच जणांनी सुचवायचं, प्रत्येकी एकच अल्बम, आणि ऐकवायची त्यातली फक्त वीस मिनिटं. वीसच का? एलपीची एक बाजू साधारण तेवढीच असते, आणि १९५०-६०च्या दशकातले बहुतेक अल्बम त्या मापानेच बेतलेले आहेत. ज्याची पाळी नाही त्याने सुचवायचं नाही. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, म्हणून सगळ्यात कडक ठेवा. आमच्या पोरांपैकी एकाला ‘अजून एकच’ म्हणायची सवय होती. आता त्याने तसं म्हटलं की चहा त्याच्याकडे लागतो.

दुसरी पायरी: हातात नेमकं काय आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू. जॅझमध्ये ‘नवीन आलंय’ या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली गोष्ट खरोखर नवा अल्बम. आजच्या कलाकारांनी अलीकडे वाजवलेला आणि अलीकडेच निघालेला. विजय अय्यर, लिंडा मे हान ओह आणि टायशॉन सोरी यांचा ‘अनइझी’ २०२१ सालचा. सॅक्सोफोनवादक इमॅन्युएल विल्किन्सचा ‘ब्लूज ब्लड’ २०२४चा. इथे फार चिकित्सा करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट रीइश्यू, म्हणजे एकदा निघालेला अल्बम पुन्हा काढलेला. यातही तऱ्हा आहेत. काही कंपन्या मूळ चुंबकीय टेप बाहेर काढून, नव्याने मास्टरिंग (म्हणजे छापण्याआधी आवाजाची शेवटची जुळणी) करून, जाड पुठ्ठ्याच्या कव्हरात एलपी देतात. ब्लू नोट ही १९३९ साली सुरू झालेली कंपनी. तिने २०१९मध्ये ‘टोन पोएट’ नावाची मालिका काढली. निवड जो हार्ली यांची, मास्टरिंग केव्हिन ग्रे यांचं. त्याच कंपनीची ‘क्लासिक व्हायनल’ मालिका थोडी स्वस्त, कव्हर साधं, पण मास्टरिंग त्याच ग्रे यांच्या हातचं. प्रेस्टिज, रिव्हरसाइड आणि काँटेम्पररी या जुन्या कंपन्यांचे अल्बम ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ या नावाखाली निघतात. ही मालिका १९८०च्या दशकातली, आणि क्राफ्ट रेकॉर्डिंग्जने ती २०२३मध्ये पुन्हा चालू केली. कव्हरावर यांतलं एखादं नाव दिसलं तर बहुतेक वेळा निश्चिंत राहावं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात लाडकी: पेटीतून निघालेलं संगीत. मुद्रण जुनं, पण आजवर कुणीच न ऐकलेलं. पियानोवादक थेलोनिअस मंकच्या गटात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन वाजवत असतानाची कार्नेगी हॉलची मैफल २९ नोव्हेंबर १९५७ची. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने ती मुद्रित केली, आणि टेप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये २००५पर्यंत पडून राहिली. ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ हे कोल्ट्रेनचं ६ मार्च १९६३चं स्टुडिओतलं काम. कंपनीकडची टेप नाहीशी झाली होती. कोल्ट्रेनने घरी नेलेली प्रत त्याची पहिली पत्नी नाइमा हिच्या कुटुंबाकडे सापडली आणि अल्बम २०१८मध्ये निघाला. आपल्याकडेही जुन्या गवयांच्या मैफलींची स्पूलं कुणाच्या तरी माळ्यावर सापडतात ना, तसंच हे. मात्र अशा अल्बमची शिफारस करताना आवाज कसा आहे हे आधी सांगावं लागतं. कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांचं १९६१चं ‘इव्हनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट’ २०२३मध्ये आलं. ते एकाच मायक्रोफोनवर मुद्रित झालेलं आहे. क्लबमध्ये नवी ध्वनियंत्रणा बसवली होती, तिची चाचणी घेताना! ड्रम अंगावर येतात आणि बाकीची वाद्यं मागे राहतात. हे न सांगता ऐकवलं तर ऐकणारा पाचव्या मिनिटाला हेडफोन काढून ठेवेल, आणि दोष कोल्ट्रेनला लागेल.

चौथी गोष्ट बेवारस माल. युरोपात १९६३च्या आधी प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपलेले आहेत. त्यामुळे तिथे कुणीही माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची एलपी दाबून विकू शकतो, आणि विकतातही. मूळ टेप त्यांच्या हाती नसते, पुष्कळदा एखादी सीडीच समोर असते. किंमत निम्मी, कव्हर चकचकीत, वर दोन जादा गाणी. अशी तबकडी टाकाऊच असते असं नाही, पण ‘नवीन रीमास्टर’ म्हणून ती मित्राच्या गळ्यात मारू नये. ओळखायची खूण सांगतो. मास्टरिंग कुणी केलं, कोणत्या टेपवरून केलं, हे कव्हरावर कुठेच लिहिलेलं नसेल तर संशय घ्या.

हे चार प्रकार पक्के झाले की साल तपासा. स्ट्रीमिंगच्या ॲपवर अल्बमखाली जे साल दिसतं ते पुष्कळदा रीइश्यूचं असतं. आमच्या एका पोराने ‘हा २०१५चा नवा सॅक्सोफोनवाला ऐका’ म्हणून जो सुचवला तो १९५०च्या दशकातच निवर्तला होता. मुद्रणाची तारीख वेगळी, पहिल्या प्रकाशनाची वेगळी आणि हातातल्या आवृत्तीची वेगळी. तिन्ही शोधा, तिन्ही सांगा. एलपी हातात असेल तर लेबलाभोवतीच्या कोऱ्या कड्यात कोरलेली अक्षरं उजेडात धरून वाचा. तिथे ‘व्हॅन गेल्डर’ किंवा त्याची ‘आर-व्ही-जी’ ही आद्याक्षरं असली तर तिचा मूळ साचा ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डरने कापलेला. केव्हिन ग्रे ‘के-पी-जी’ लिहितो. ताई दातांच्या डॉक्टर असल्यामुळे हे काम त्यांच्याकडे आहे. भिंग आणि दिवा त्यांच्या पर्समध्ये असतोच.

आवृत्तीचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. ‘काइंड ऑफ ब्लू’चंच घ्या. २ मार्च १९५९ला पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मुद्रित झाली तेव्हा टेपचं यंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे एलपीवर ती गाणी किंचित चढ्या सुरात वाजत राहिली, आणि तीस वर्षांहून अधिक काळ जगाने ती तशीच ऐकली. दुरुस्ती पहिल्यांदा १९९२च्या आवृत्तीत झाली. आमचा तबलजी हार्मोनियम घेऊन जुन्या एलपीबरोबर सूर लावायला बसला आणि वैतागला. त्याला वाटलं हार्मोनियमच उतरली आहे.

तिसरी पायरी: शिफारस लिहून काढा

तोंडी नको. लिहिताना माणूस विशेषणं कमी वापरतो. आमचा दंडक असा: पोस्टकार्डावर मावेल एवढंच लिहायचं, आणि त्यात ‘अप्रतिम’, ‘भारी’, ‘मास्टरपीस’ हे शब्द चालणार नाहीत. काय वाजतं, कोण वाजवतं, कधीचं आहे, मी कोणती आवृत्ती ऐकली, आधी कोणतं गाणं ऐकायचं, आणि कुणी याच्या वाटेला जाऊ नये, एवढं आलं पाहिजे. यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं. ‘हे कुणासाठी नाही’ हे जो सांगू शकत नाही, त्याने तो अल्बम नीट ऐकलेला नाही असं मी बेधडक समजतो.

काकांनी लिहिलेली एक शिफारस त्यांच्या परवानगीने देतो.

‘वॉल्ट्झ फॉर डेबी. बिल एव्हन्सचा पियानो, स्कॉट लाफारोचा बास, पॉल मोशनचे ड्रम. न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात २५ जून १९६१ला लोकांसमोर मुद्रित. मी सीडी ऐकली. आधी पहिलंच गाणं, माय फूलिश हार्ट, पाच मिनिटं. मागे ग्लास किणकिणतात, लोक बोलतात, कुणी हसतं. आपल्या लग्नातल्या सनईसारखं: वाजवणारा जीव ओततोय आणि पंगत जेवतेय. बास साथीला नाही, शेजारी बसून गप्पा मारतो. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. हे आधी वाचू नका, ऐकून झाल्यावर वाचा. ज्यांना ठेका जोरात लागतो त्यांना झोप येईल. गाडीत लावू नये.’

‘आधी वाचू नका’ हे आधीच वाचून झालेलं असतं, हे काकांच्या लक्षात आलं नाही. पण त्या महिन्यात आठांपैकी सात जणांनी तो अल्बम पूर्ण ऐकला.

अजून एक पथ्य. तुलना जपून करा. ‘हा म्हणजे जॅझमधला अमुक खाँसाहेब’ असं म्हटलं की ऐकणारा त्या खाँसाहेबांनाच शोधत बसतो आणि समोरचा माणूस निसटतो.

चौथी पायरी: आपल्या कानाला ओळखीचा दरवाजा दाखवा

व्यक्तींची तुलना टाळायची, पण रचनेची तुलना जरूर करायची. नाशकातला रसिक ताल-सूर जाणतो. अडतो तो एवढ्यावरच की ‘हे लोक नेमकं कुठे आहेत ते कळत नाही’. ते कळायला लागलं की अर्धी लढाई जिंकली.

‘सो व्हॉट’ हे ‘काइंड ऑफ ब्लू’चं पहिलं गाणं यासाठी सोन्यासारखं आहे. चार-चार मात्रांचे बत्तीस खंड म्हणजे एक आवर्तन. पहिले सोळा खंड ज्या स्वरसप्तकात आहेत ते आपल्या काफी थाटाचं: गांधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. पुढच्या आठ खंडांत सप्तक तेच, पण षड्जच अर्ध्या सुराने वर सरकतो. शेवटच्या आठांत परत मूळ जागी. सुरुवातीची छोटी प्रस्तावना झाली की बास विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात, तो झाला मुखडा. त्यानंतर एकेक वादक त्याच आवर्तनावर उपज करतो. हे एवढं सांगून आम्ही ताईंना हातावर मोजायला लावलं. षड्ज सरकला त्या क्षणी त्यांची मान हलली. त्यानंतर त्यांना कुणी काही समजावलं नाही.

टाळीचं मात्र उलटं आहे. आपला हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडतो. चार मात्रांच्या जॅझमध्ये हाय-हॅटची झांज (ड्रमसंचातली पायाने मिटणारी जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते. टाळी तिथे द्या. पहिले दोन दिवस हात ऐकत नाही. आणि समेवर येऊन दणका देणं इथे शिष्टसंमत नाही. आवर्तन संपल्याचं कळूच नये अशा बेताने वादक पुढच्यात शिरतो, त्यामुळे ‘आहाऽ’ म्हणायची जागा सापडत नाही, अशी काकांची तक्रार आजही आहे.

पाच मात्रांचं ‘टेक फाइव्ह’ तीन-दोन असं मोजा. झपतालाच्या माणसाला ते जड जात नाही, विभाग तेवढे उलट येतात. ते पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या १९५९च्या ‘टाइम आउट’मधलं, रचना पॉल डेझमंडची. त्याच्या आदल्या वर्षी, १९५८मध्ये, ब्रुबेकचा गट भारताच्या दौऱ्यावर होता. मुंबईत तो सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवायला बसला होता. अशी गोष्ट शिफारशीत एका ओळीत आली की ऐकणाऱ्याला अल्बमचा हात धरता येतो.

जिथे ओळखीचा दरवाजाच नाही तिथे तो रंगवू नये. स्वरसंवाद, म्हणजे एकावेळी वाजणाऱ्या सुरांचे गट आणि त्यांची भराभर होणारी बदली, याला आपल्याकडे तोड नाही. कोल्ट्रेनचं ‘जायंट स्टेप्स’ त्याच १९५९चं. त्यात आधार दर दोन-चार मात्रांनी पालटतो, आणि तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होतं. ते पहिल्या वर्षी कुणाला सुचवू नका. मी सुचवलं होतं.

पाचवी पायरी: नाशकात बसून मिळवायचं कसं

आधी स्ट्रीमिंगवर ऐका. शिफारस ऐकून थेट खरेदीला धावणारा माणूस पुढच्या शिफारशीला घाबरतो. दोनदा पूर्ण ऐकल्यावर तिसऱ्यांदा ऐकावंसं वाटलं तर विकत घ्या.

माझं वैयक्तिक मत एलपीवाल्यांना आवडत नाही, तरी सांगतो. नाशिकच्या हवेला आणि मध्यमवर्गीय खिशाला सीडी सगळ्यात सोयीची. सेकंडहँड सीडी अजूनही स्वस्त मिळते. तिच्यासोबतची पुस्तिका वाचता येते, त्यात वादक आणि तारखा असतात, आणि मे महिन्यात ती वाकडी होत नाही.

एलपीच घ्यायची तर नव्या परदेशी तबकडीची किंमत चार आकडी, त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क. तिघा-चौघांनी मिळून एकत्र मागवलं तर वाहतुकीचा बोजा वाटला जातो. दुकानाची छापील किंमत आणि घरात येईपर्यंतची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिफारशीत दुसरी लिहा. मागवण्याचा महिनाही पाहा. माझं एक पार्सल एप्रिलात भर दुपारी सोसायटीच्या गेटवर उन्हात तीन तास पडून होतं. आतली तबकडी थाळीची वाटी झाली. कुरिअरवाल्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, पत्ता मीच घरचा दिला होता. आता उन्हाळ्यात ऑफिसचा पत्ता देतो, आणि बंद गाडीच्या मागच्या सीटवर रेकॉर्ड कधीच ठेवत नाही. पावसाळ्यात उलटा त्रास, कव्हरांना बुरशी धरते. कागदी आतल्या पाकिटाऐवजी प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं पाकीट वापरा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि तबकड्या उभ्या ठेवा. एकावर एक थप्पी लावली की खालच्या गेल्याच म्हणून समजा.

जुन्या मालासाठी मुंबईची पंचवटी एक्सप्रेस पकडावी. सकाळी निघून रात्री घरी येता येतं. काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६मध्ये बंद झालं, ती हळहळ अजून जात नाही. पण चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर रेकॉर्डचे गठ्ठे अजून उपसता येतात. देवळाली कॅम्पकडचा एखादा जुना बंगला रिकामा होत असल्याची कुणकुण लागली तरी जाऊन यावं. मला तिथे एकदा खोकाभर मिळालं होतं, त्यात निम्मे लष्करी बँड.

विकत घेण्याआधी तबकडी उजेडात तिरपी धरा. बारीक केसासारखे ओरखडे चालतात. नखाला लागणारा ओरखडा आला की सोडा. मधल्या भोकाभोवती पुसट रेघांचं जाळं असेल तर ती खूप वाजलेली आहे. आतली तबकडी आणि बाहेरचं कव्हर एकाच अल्बमचं आहे ना, हे पाहायला विसरू नका. हसू नका, मी विसरलो आहे. परदेशी विक्रेते ‘नियर मिंट’, ‘व्हेरी गुड प्लस’, ‘व्हेरी गुड’ अशी प्रत लिहितात. ‘व्हेरी गुड’ म्हणजे फार चांगली नव्हे, बऱ्यापैकी खरखरणारी.

सहावी पायरी: ऐकवायचं कसं

दोन बरे स्पीकर पुरतात. आधी शिफारस लिहिणाऱ्याने ती वाचायची, मग दिवा मंद, मग वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. संपल्यावर प्रत्येकाने दोन वाक्यं. ‘आवडलं नाही’ म्हणायला पूर्ण मुभा, पण कोणत्या जागी कंटाळा आला ते सांगावं लागतं. खाणं शेवटी. एकदा आम्ही मिसळ आधी खाल्ली. मग ‘सो व्हॉट’भर कुणी ना कुणी पाण्याला उठत होतं. पुढे हेच एखाद्या कॅफेत करायची हुक्की आली तर लक्षात ठेवा: घरातली बैठक आणि सार्वजनिक वादन यांत कायद्याने फरक आहे, मालकाकडे पीपीएल आणि आयपीआरएस या संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने आहेत का ते आधी विचारा.

सातवी पायरी: पहिल्या काही बैठकांसाठी जोड्या

एक जुना आणि एक नवा, किंवा एक ओळखीचा आणि एक अनोळखी, अशी जोडी लावली की दोन्ही उजळतात. आम्हाला उपयोगी पडलेल्या काही जोड्या देतो. क्रम बदललात तरी चालेल, मात्र पहिली जोडी पहिलीच ठेवा.

‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू आणि शंकर-जयकिशन यांचा ‘रागा जॅझ स्टाइल’. हा १९६८चा एचएमव्हीचा अल्बम. अकरा राग, सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. घरच्यांना खोलीत बसवायला याच्याइतका उपयोगी अल्बम दुसरा नाही. संगीतकारांचं नाव ऐकून आई-वडीलही येतात आणि तोडी ओळखतात. जॅझ म्हणून तो हलकाफुलका आहे, राग म्हणून त्याहून हलका. तरी मुंबईच्या स्टुडिओंतली गोवेकर आणि इतर वादक मंडळी काय ताकदीची होती ते त्यात लख्ख ऐकू येतं.

मग हार्पवादक ॲलिस कोल्ट्रेन, जॉन कोल्ट्रेनची पत्नी. १९७१चा ‘जर्नी इन सच्चिदानंद’ आणि त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला कार्नेगी हॉलमध्ये झालेली, पण २०२४मध्ये प्रकाशित झालेली मैफल. दोन्हींत शीर्षकगीत आहे. स्टुडिओतलं आटोपशीर: बासची तीच ती फिरणारी ओळ, मागे तानपुरा, वर हार्प. कार्नेगीत तेच कितीतरी लांबतं. दोन बास, दोन ड्रमवादक, आणि सॅक्सोफोनवर फेरो सँडर्सबरोबर आर्ची शेप. स्वामी सच्चिदानंदांच्या योगसंस्थेच्या मदतीसाठी केलेली ही मैफल. एकच गोष्ट दोनदा ऐकवण्याचा फायदा असा की उपज म्हणजे काय ते व्याख्यान न देता कळतं. पुढचं ‘आफ्रिका’ मात्र बैठकीत लावू नका, खालच्या मजल्यावरचे वर येतील.

चार्ल्स लॉइडचा ‘संगम’ हा २००६चा अल्बम. सॅक्सोफोन, एरिक हार्लंडचे ड्रम आणि झाकिर हुसेन यांचा तबला. जोडीला झाकिर हुसेन यांच्याच ‘शक्ती’ या गटाचा २०२३चा ‘धिस मोमेंट’. झाकिरभाई १५ डिसेंबर २०२४ला गेले. त्यानंतरच्या आमच्या बैठकीत तबलजीने ‘संगम’ आणला, आणि लिहिलेली शिफारस त्याने वाचली नाही. कार्ड वहीत चिकटवलेलं आहे.

मंकचा ‘पालो आल्टो’ आमच्या पोरांनी सुचवला. २७ ऑक्टोबर १९६८, रविवार दुपार, कॅलिफोर्नियातल्या एका हायस्कूलचं सभागृह. डॅनी शेर या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने मंकला बोलावलं आणि शाळेच्या शिपायाने कार्यक्रम टेप केला. अल्बम २०२०मध्ये निघाला. आवाज चक्क उत्तम आहे. याच्याबरोबर ‘अनइझी’ लावा. दोन्हीकडे पियानो गुळगुळीत वाजत नाही, ठेचकाळत पुढे जातो, आणि ते ठेचकाळणं मोजूनमापून केलेलं असतं.

शेवटी एखादी बैठक एकाच अल्बमला द्या. इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, फेरो सँडर्स आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचा ‘प्रॉमिसेस’, २०२१चा, सेहेचाळीस मिनिटांचा. सात सुरांची एक छोटी आकृती सबंध अल्बमभर परत परत येते आणि तिच्यावर ऐंशीच्या घरातल्या माणसाचा सॅक्सोफोन. वीस मिनिटांचा नियम इथे मोडावा. डिसेंबरातली रात्र बरी, पंखा बंद असतो.

तारखांचं भान ठेवायचं तर दोनच सांगतो. ३० एप्रिल हा युनेस्कोने ठरवलेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. आणि एप्रिलातल्याच एका शनिवारी ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ असतो. पेटीतून निघालेले पुष्कळ अल्बम त्या दिवशी बाहेर येतात. यादी आधी जाहीर होते. ती चाळून तीन नावं निवडा, बाकी सोडून द्या.

वही

काकांच्या वहीत आता रकाने आहेत: तारीख, अल्बम, मुद्रणाचं साल, आवृत्ती, कुणी सुचवला. सहावा रकाना तीन महिन्यांनी भरायचा असतो: ‘परत ऐकला का?’ पुष्कळ ओळींसमोर ‘नाही’ आहे आणि त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. ‘पालो आल्टो’समोर काकांनी स्वतःच्या नावापुढे लिहिलंय: ‘दोनदा. तिसऱ्यांदा सौ.नी लावला, मला न विचारता.’